बुद्धीला विजेचा टेकू

कवटीला छेद न देता मेंदूपर्यंत क्षीण विद्युतप्रवाह पोहोचवून निरोगी माणसाची विचारशक्ती वाढविता येते, हा दावा गेल्या पाव शतकात अनेक प्रयोगशाळांनी केला. त्याच्या आधारावर यंत्रे बाजारात आली, हौशी मंडळींनी ती घरी तयार केली. या दाव्यात तथ्य किती आणि त्याची किंमत कोणती, याचा हा आढावा.

खाऱ्या पाण्यात भिजविलेले दोन स्पंज डोक्यावर पट्टीने घट्ट बांधायचे, त्यांच्या तारा बॅटरीवर चालणाऱ्या मुठीएवढ्या पेटीला जोडायच्या आणि वीस मिनिटे गणिते सोडवीत किंवा शब्द पाठ करीत बसायचे. 'ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन' अर्थात 'टीडीसीएस' या भारदस्त नावामागची कृती इतकी साधी आहे. भूल नाही, चिरफाड नाही, गोळी नाही. सुरुवातीला स्पंजाखाली थोडी खाज सुटते, मुंग्या आल्यासारखे वाटते आणि मिनिटभरात तेही जाणवेनासे होते. हा साधेपणा हेच या तंत्राचे सामर्थ्य आहे आणि त्याच्याभोवती माजलेल्या गोंधळाचे मूळही तेच.

विजेने डोके ताळ्यावर आणण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातील वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोकेदुखीवर उपाय म्हणून जिवंत विजमासा रुग्णाच्या डोक्यावर ठेवावा, असे लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्वानी याने बेडकाच्या पायावर विजेचे प्रयोग केले. त्याचा भाचा जियोव्हानी आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या मृतदेहात वीज सोडून त्याचा जबडा हलवून दाखविला आणि उपस्थितांची गाळण उडविली. याच आल्दिनीने विषण्णतेने ग्रासलेल्या रुग्णांच्या डोक्यालाही वीज लावून पाहिली होती.

'शॉक' आणि हा प्रवाह

मानसोपचारातील 'शॉक' आपल्याकडे हिंदी चित्रपटांनी इतका भयंकर करून ठेवला आहे, की डोके आणि वीज हे दोन शब्द एकत्र आले की अनेकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र उभे राहते. म्हणून हा फरक आधीच स्पष्ट केलेला बरा. विद्युत आघात उपचारात मेंदूत मुद्दाम झटका आणला जातो. त्यासाठी सुमारे ८०० मिलीअ‍ॅम्पिअरचा प्रवाह काही सेकंद दिला जातो, तोही भूल देऊन. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता असा उपचार करण्यास भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी घातली आहे. टीडीसीएसमध्ये वापरला जाणारा प्रवाह साधारणपणे १ ते २ मिलीअ‍ॅम्पिअर, म्हणजे त्याच्या काहीशे पटींनी कमी असतो. त्याने झटका येत नाही आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

चुंबकीय उत्तेजन, म्हणजेच 'टीएमएस', हे दुसरे तंत्र या दोहोंच्या मध्ये बसते. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्याचे पहिले यशस्वी उपकरण तयार केले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हा मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये मांडलेला नियम येथे कामी येतो. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला, की कवटीच्या आत वीज उत्पन्न होते आणि तेथील चेतापेशी खरोखर संदेश सोडतात. हाताचे नियंत्रण करणाऱ्या भागावर वेटोळे धरले तर अंगठा आपोआप उडतो. हे यंत्र महाग आणि अवजड असते, ते चालविण्यास तज्ज्ञ लागतो आणि क्वचित झटका येण्याचा धोकाही असतो. त्यामुळे घरोघरी पोहोचण्याची स्वप्ने पाहिली गेली ती स्पंज आणि बॅटरीच्या बाबतीत.

त्या स्वप्नांना शास्त्रीय पाया मिळाला तो जर्मनीतील गॉटिंगेन येथे. मायकेल निट्शे आणि वॉल्टर पॉलस यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की स्नायूंचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागावर १ मिलीअ‍ॅम्पिअरचा प्रवाह काही मिनिटे सोडला तर त्या भागाची उत्तेजनक्षमता सुमारे ४० टक्क्यांपर्यंत बदलते. धनाग्र तेथे असेल तर ती वाढते, ऋणाग्र असेल तर घटते. पुढच्याच वर्षी त्यांनी असे दाखविले, की १३ मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम यंत्र बंद केल्यानंतरही दीड तासापर्यंत टिकू शकतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा प्रवाह चेतापेशीला संदेश सोडावयास भाग पाडीत नाही, एवढी ताकदच त्यात नसते. पेशीच्या आवरणावरील विद्युतदाब तो किंचित वरखाली करतो. जी पेशी अन्यथा संदेश सोडण्याच्या बेतातच होती, तिला थोडे सोपे जाते इतकेच. दार उघडणे आणि दाराच्या बिजागरीला तेल घालणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. म्हणूनच नुसते स्पंज बांधून स्वस्थ बसण्यात काही हशील नाही, त्या वेळी मेंदूला काम दिलेले असावे लागते, असे बहुतेक संशोधक मानतात.

गणिताच्या तासाला वीज

यानंतरची दहा-बारा वर्षे या विषयाच्या भरभराटीची होती. २००५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी १५ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. पडद्यावर एकामागून एक अक्षरे येत आणि आताचे अक्षर तीन घरे मागच्या अक्षरासारखेच आहे का, हे सांगायचे असे. अशी तात्पुरती माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याच्या शक्तीला 'वर्किंग मेमरी' म्हणतात. डाव्या कपाळामागील भागावर प्रवाह असताना उत्तरे अधिक अचूक आली. २००६ मध्ये जर्मनीतील ल्युबेक येथील प्रयोगात झोपेतल्या तरुणांच्या डोक्याला संथ लयीतील प्रवाह दिला, तेव्हा झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी अधिक आठवल्या. २०१२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेच्या पैशावर न्यू मेक्सिकोत झालेल्या प्रयोगात, चित्रात दडविलेले धोके ओळखण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांची प्रगती २ मिलीअ‍ॅम्पिअरच्या प्रवाहाने जवळजवळ दुप्पट झाल्याचे सांगण्यात आले.

त्याच वर्षी सिडनी विद्यापीठातील रिचर्ड ची आणि अ‍ॅलन स्नायडर यांनी एक जुने कोडे प्रयोगशाळेत आणले. तीन ओळींत मांडलेले नऊ ठिपके हात न उचलता चार सरळ रेषांनी जोडायचे, हे ते कोडे. शाळकरी वयात अनेकांनी त्यावर डोके आपटलेले असते. ठिपक्यांच्या चौकटीबाहेर रेष नेल्याशिवाय ते सुटत नाही आणि नेमके तेच कोणाला सुचत नाही. प्रवाह सुरू होण्यापूर्वी एकालाही ते सुटले नव्हते. प्रवाहानंतर ३३ पैकी १४ जणांना सुटले. वृत्तपत्रांनी या बातमीचे जोरदार स्वागत केले, हे सांगावयास नकोच.

या सर्वांत अधिक चिकाटीने चाललेले काम गणिताविषयीचे होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रोई कोहेन कादोश यांनी २०१० मध्ये १५ विद्यार्थ्यांना सहा दिवस नवी अंकचिन्हे शिकविली. आपल्या १, २, ३ ऐवजी अर्थहीन आकृत्या, आणि त्यांतील लहान कोणती व मोठी कोणती हे सरावाने ओळखायचे. माथ्याच्या मागील उजव्या बाजूला धनाग्र असलेल्यांनी ही चिन्हे इतरांपेक्षा लवकर आत्मसात केली आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली असता ती आघाडी टिकून होती. प्रवाहाची दिशा उलटी असलेल्यांची कामगिरी मात्र खालावली. दिशा चुकली तर नुकसान होते, हा त्या प्रयोगातील अर्धा भाग होता. बातम्यांत तो फारसा आला नाही.

डाव्या हाताने परत घेतलेले

येथून या विषयाची खरी गुंतागुंत सुरू होते आणि ती उघड करण्याचे श्रेय त्याच प्रयोगशाळेला द्यावे लागेल. २०१३ मध्ये तेरेसा युक्युलानो आणि कोहेन कादोश यांनी असाच प्रयोग थोडा बदलून केला. एका गटाला माथ्यामागील भागावर, दुसऱ्याला कपाळामागील भागावर प्रवाह दिला, तिसऱ्याला लुटुपुटूचा. पहिल्या गटाने नवी चिन्हे लवकर शिकली. पण शिकलेले आपोआप, विचार न करता वापरता येणे ही जी पुढची पायरी, तीत हा गट मागे पडला. दुसऱ्या गटाचे नेमके उलटे झाले: शिकणे मंदावले, सहजता वाढली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतले गेले. निबंधाच्या शीर्षकातच लेखकांनी बुद्धिवर्धनाच्या 'मानसिक किमती'चा उल्लेख केला आहे.

पुढच्या वर्षीचा प्रयोग याहून बोलका ठरला. गणिताची धास्ती असलेले आणि नसलेले असे दोन गट करून सर्वांच्या कपाळामागील भागाला प्रवाह दिला व साधी उदाहरणे बरोबर की चूक हे ओळखावयास सांगितले. धास्ती असलेल्यांची उत्तरे अधिक झटपट आली आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाणही उतरले. ज्यांना गणिताची भीती नव्हती, ते मात्र त्याच प्रवाहाने मंदावले. याशिवाय, लक्ष विचलित करणाऱ्या खुणांकडे दुर्लक्ष करण्याच्या वेगळ्या चाचणीत दोन्ही गटांना तोटा झाला. म्हणजे एकाला जे औषध तेच दुसऱ्याला अपथ्य, आणि ज्याला लागू पडले त्यालाही फुकट नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाच्या डोक्याला यंत्र बांधू इच्छिणाऱ्या पालकांनी या एका प्रयोगाची माहिती अवश्य घ्यावी. आपला मुलगा कोणत्या गटात मोडतो, हे पेटीवर छापलेले नसते.

हे सारे प्रयोग ज्या पायावर उभे होते, तोच २०१५ मध्ये हादरला. मेलबर्न विद्यापीठातील जॅरेड हॉरवथ व सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांवरील, एकाच बैठकीत प्रवाह दिलेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यांनी केलेल्या ५९ विश्लेषणांपैकी एकातही बौद्धिक क्षमतेवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. या छाननीवर टीका झाली. भिन्न पद्धतींचे प्रयोग एकत्र मोजले, अनेक दिवस चाललेले प्रयोग वगळले, हे आक्षेप निराधार नव्हते. तरीही इतक्या गाजावाजानंतर झाडाझडतीत हाती शून्य यावे, ही गोष्ट साधी नव्हे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याच क्षेत्रातील शास्त्रज्ञांना विचारले, तेव्हा प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळविता आले, असे सांगणारे निम्म्याच्या आसपासच निघाले.

असे का व्हावे? एक कारण गटांच्या आकारात आहे. पंधरा-वीस जणांच्या प्रयोगात योगायोगाने मोठा फरक दिसू शकतो. फरक दिसला की निबंध छापला जातो, न दिसला की कपाटात पडून राहतो. दुसरे कारण तुलनेच्या पद्धतीत आहे. लुटुपुटूच्या प्रवाहात यंत्र सुमारे अर्धा मिनिट चालवून गुपचूप बंद केले जाते, म्हणजे खाज सुटते आणि माणसाला खराच प्रवाह चालू असल्यासारखे वाटते. १ मिलीअ‍ॅम्पिअरला ही युक्ती बऱ्यापैकी चालते. २ मिलीअ‍ॅम्पिअरला मात्र खरे-खोटे ओळखू येऊ शकते, असे आढळले आहे. आपल्याला 'खरी वीज' मिळते आहे, या समजुतीनेच माणूस अधिक हिरिरीने काम करीत असेल, तर त्यात विजेचा वाटा किती उरला?

तिसरे कारण शरीररचनेचे. त्वचा विजेची चांगली वाहक, हाड तितकेच वाईट. त्यामुळे प्रवाहाचा मोठा भाग त्वचेवरूनच एका स्पंजाकडून दुसऱ्याकडे निघून जातो. न्यू यॉर्क विद्यापीठाचे जॉर्जी बुझाकी यांनी २०१६ मध्ये मृतदेहावरील मोजणीच्या आधारे सांगितले, की सुमारे ९० टक्के प्रवाह आत पोहोचतच नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर निबंधात हा आकडा सुमारे ७५ टक्के असा आला आणि चेतापेशींच्या लयीवर थेट परिणाम घडविण्यास ४ ते ६ मिलीअ‍ॅम्पिअर लागतील, असा अंदाज देण्यात आला. इतका प्रवाह प्रचलित प्रयोगांत दिला जात नाही. या निष्कर्षांवर प्रतिवाद आहेत. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेच्या निमित्ताने बसविलेल्या तारांवरून २०१७ मध्ये केलेल्या मोजणीत, आत वीज पोहोचते पण अगदी क्षीण, असे दिसले. ती क्षीण वीज पुरेशी आहे की नाही, यावरच सारा वाद आहे.

प्रयोगशाळेतून घराकडे

बाजार मात्र वादाचा निकाल लागण्याची वाट पाहत थांबला नाही. २०१३ मध्ये 'फोकस' नावाचा शिरोपट्टा संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठी २४९ डॉलरना विक्रीस आला. २०१६ मध्ये खेळाडूंसाठी हेडफोनच्या आकाराचे 'हॅलो स्पोर्ट' आले. त्याची कंपनी २०२१ मध्ये स्वीडनच्या 'फ्लो' या कंपनीने विकत घेतली. नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'फोकस' निरोगी तरुणांवर तपासून पाहिले, तेव्हा वर्किंग मेमरीच्या चाचणीतील अचूकता वाढण्याऐवजी कमी झाली.

ज्यांना एवढे पैसे द्यावयाचे नव्हते त्यांनी इंटरनेटवरून आराखडे घेतले आणि नऊ व्होल्टची बॅटरी, रोधक व तारा जोडून घरीच यंत्रे बनविली. हे लोण वाढत गेल्यावर २०१६ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी 'अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक खुले पत्र प्रसिद्ध केले. त्यातील इशारे असे: स्पंज थोडा सरकला तरी वेगळाच भाग उत्तेजित होतो, एका क्षमतेचा फायदा दुसरीच्या मुळावर येऊ शकतो, प्रयोगशाळेत काही आठवडे दिलेला प्रवाह आणि घरी महिनोन्‌महिने रोज घेतलेला प्रवाह यांची तुलना होऊ शकत नाही, आणि बदल झालाच तर तो दीर्घकाळ टिकणारा असू शकतो. स्वतः हे तंत्र वापरणाऱ्यांनीच दिलेला इशारा म्हणून त्याला वजन आहे.

ही भीती वाजवीपेक्षा मोठी करण्याचेही कारण नाही. २०१६ च्याच एका आढाव्यानुसार ३३ हजारांहून अधिक बैठकींत, प्रचलित मर्यादेत दिलेल्या प्रवाहाने गंभीर इजा झाल्याची नोंद नाही. स्पंज कोरडा पडल्यास त्वचा भाजते, डोके दुखते, थकवा येतो, इतपत तक्रारी आढळतात. पण तो हिशेब देखरेखीखालच्या बैठकींचा आहे, स्वयंपाकघरातील टेबलावर जोडलेल्या बॅटरीचा नव्हे.

विस्मरणाच्या उंबरठ्यावर

तरुणांना चार गुण अधिक मिळावेत यापेक्षा वृद्धांना शेजाऱ्याचे नाव आठवावे, ही गरज निश्चितच अधिक निकडीची आहे आणि अलीकडील आशादायक निष्कर्षही याच बाजूने आले आहेत. बोस्टन विद्यापीठातील रॉबर्ट राइनहार्ट यांनी एकदिश प्रवाहाऐवजी मेंदूच्या स्वतःच्या लयीशी जुळणारा उलटसुलट प्रवाह वापरला. वाढत्या वयात मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांतील लयींचा मेळ सुटतो, तो बाहेरून जुळवून द्यावा, ही त्यामागील कल्पना. २०१९ मधील प्रयोगात साठी उलटलेल्या ४२ जणांची वर्किंग मेमरी २५ मिनिटांच्या प्रवाहानंतर विशीतल्या तरुणांच्या पातळीवर आली आणि प्रयोग संपेपर्यंत, ५० मिनिटे, तशी राहिली. २०२२ मध्ये ६५ ते ८८ वयाच्या १५० जणांना चार दिवस रोज २० मिनिटे प्रवाह दिला, तेव्हा शब्द लक्षात ठेवण्यातील सुधारणा महिनाभर टिकली. ज्यांची स्मरणशक्ती आधी अधिक दुबळी होती, त्यांना अधिक लाभ झाला. महिनाभर हा काळ थोडा नव्हे. पण शब्दांची यादी आठवणे आणि गॅस बंद केला की नाही हे आठवणे, या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरता येत नाही.

उपचारांचे क्षेत्र याहून वेगळे आहे आणि तेथे चित्र अधिक स्पष्ट आहे. नैराश्यावर टीएमएस वापरण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये परवानगी दिली. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना होणारे आवाजांचे भास कमी करण्यासाठी टीडीसीएसचा वापर व अभ्यास झाला आहे. मात्र आजाऱ्याला बरे वाटले म्हणून निरोग्याची बुद्धी वाढेल, असे होत नाही. ही गफलत जाहिराती हमखास करतात. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमावलीत वैद्यकीय हेतू नसलेल्या मेंदू-उत्तेजक यंत्रांनाही वैद्यकीय उपकरणांच्या कक्षेत घेतले आणि २०२२ च्या अखेरीस त्यांना सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकले.

दरम्यान, संशोधकांचा प्रश्नही बदलला आहे. 'वीज चालते का' याऐवजी 'कोणाला, कोणते काम करताना चालते' असे आता विचारले जाते. कोहेन कादोश यांच्या गटाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७२ तरुणांना पाच दिवस गणिताचा सराव देण्यात आला. मेंदूच्या पुढच्या व माथ्याकडील भागांतील जोडणी ज्यांच्यात मुळात कमकुवत होती, त्यांना कपाळामागील भागावरील प्रवाहाचा उपयोग झाला, तोही रीत वापरून उत्तर काढण्याच्या कामात. पाढ्यासारखे घोकून पाठ करण्याच्या कामात तो झाला नाही. जोडणी कशी आहे, हे ठरविण्यासाठी प्रत्येकाचे एमआरआय स्कॅन करावे लागले होते.

फेफऱ्याचा इतिहास असलेले, डोक्यात धातूची पट्टी वा क्लिप असलेले, पेसमेकर किंवा कानातील कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेले, तसेच गर्भवती महिला यांना अशा प्रयोगांत सहसा घेतले जात नाही. मनोविकारावरील काही औषधे प्रवाहाचा परिणाम बदलतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. मुलांच्या बाबतीत कवटी पातळ आणि मेंदू घडणीत असल्याने प्रौढांसाठी ठरविलेले प्रमाण त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाही.